खिडकीत माणसं

शिकागोच्या दक्षिणेकडच्या काळ्या लोकांच्या वस्तीतून बस चालली होती. पुढच्या बाकावरच्या दोघी शेजारणींचं बोलणं व्हर्लीनला नको म्हटलं तरी ऐकू येत होतं.

"ओडेसामावशी, तुम्ही बसमध्ये? आज घराची किंमत ठरवायला बँकेचा माणूस येणार होता ना?"

"आलाय. म्हणून तर मी बाहेर."

"मग घरात कोण?"

"लोरेन. माझ्याबरोबर कामाला असते, गोरी. आज ती मालकीण."

"आणि भिंतीवरचे फोटो?"

"उतरवले. तिच्या माहेरचे टांगलेत. मागच्या वेळी आलेल्या मेल्यानं आमचे काळे चेहरे बघून निम्मी किंमत लावली. रुळांपलीकडे गोऱ्यांच्या असल्याच घराला दुप्पट देतात."

"काकांचा फोटोसुद्धा माळ्यावर टाकलात?"

"छे गं! हे बघ, पिशवीत आहेत. आमची दोघांची ही तिसरी फेरी."

"तिसरी?"

"लोरेनचा फोन येईपर्यंत जाऊ कुठे? बस आमच्या दारावरूनच जाते. मघाशी खिडकीत माणसं दिसली. हे गेल्यापासून पहिल्यांदाच. वाटलं, उतरावं आणि दार वाजवावं."

"स्वतःच्याच घराचं?"

"हो. आज कुणीतरी उघडलं असतं."