मागच्या टर्बोचा पाइप

साहेबराव, आमचे अण्णा, वडील — आहेत ना, आहेत — आत कॉटवर आहेत — पण ते बाहेर यायचे नाहीत दादा, तुम्ही बोनेट उघडा. नाही, त्यांनीच बघायला पाहिजे असं काही नसतं, गाडीला काय कळतंय कोण बघतंय ते. विक्कीनं पाठवलं म्हणालात ना — चाकणच्या विक्कीनं — मग बरोबर आलात, हेच ते दापोडीचं रुळाकडचं शेड. मी भाग्यश्री, त्याची मोठी बहीण. त्यानं सांगितलं नसेल, माझ्याबद्दल तो काय सांगणार — काय? ‘अण्णा तोंडानं सांगतात आणि ताई हातानं करते’? असं म्हणाला? बरं. असू दे. टॉर्च धरा इकडं. अजून खाली.

हां. सहा सिलिंडर, दोन टर्बो — इंजिनात हवा दाबून भरतात ते — दोन्ही एकाच बाजूला — एक पुढं आणि एक मागं लपलेला. दोन टर्बो म्हटल्यावर हवा ओढायला पाइप पण दोन. कंपनीचे प्लास्टिकचे काढून तुम्ही विक्कीचे अॅल्युमिनियमचे घातलेत — घाला की, हौशीवरच आमचं पोट आहे. पुढचा बघा, कसा गुमान बसलाय. त्याला जोडणारा रबरी होस लांब आहे, थोडं इकडंतिकडं झालं तरी सांभाळून घेतो. मागच्याला ती सोय नाही. हात घाला — घाला हो, गार झालंय इंजिन — लागली बोटाला फट? पाइपचं तोंड टर्बोच्या तोंडाला सरळ भेटतच नाहीये, खालच्या बाजूनं तिरकं आलंय, आणि मधला रबरी होस ओढूनताणून वर क्लॅम्प आवळलाय. आवळून आवळून कापला तो. नाशिक फाट्याचा पूल चढताना शिट्टी येते म्हणालात ना, ती इथून. आणि शिट्टी परवडली — तुमची हवा फिल्टरमधून गाळून पाइपात येते, आणि पुढं या फटीतून बाहेरची धूळ न गाळता आत ओढली जाते. टर्बोचा पंखा असा फिरतो की धुळीचा कण पात्याला खड्यासारखा लागतो. चाकणच्या रस्त्यांवर अशीच पळवलीत तर मागचा टर्बो गेला समजा, मग पाइप राहू दे, इंजिन उतरवायची वेळ येईल. विश्वास नसेल तर धूर सोडते आत — थांबा — बघा. कुठनं आला? पुढून आला का? नाही ना. मागूनच.

नाही, अण्णांना विचारायचं कशाला. तुम्ही बघितलंत ना डोळ्यांनी.

वेल्डिंग वाईट नाहीये त्याचं, खोटं कशाला बोलू. रेघ एकसारखी आहे. आर्गन गॅसचं वेल्डिंग मीच शिकवलंय त्याला, याच टेबलावर, कॉलेजातून कंटाळून यायचा आणि म्हणायचा, ताई दे की मला जरा. चूक वेल्डिंगची नाही, जिगची आहे — जिग म्हणजे तो लोखंडी सांगाडा हो, खुंट्या लावलेला, ज्याच्यात पाइपचे तुकडे अडकवून जोडतात, म्हणजे प्रत्येक पाइप सारखा निघतो. ती जिग आम्ही इथंच बनवली, अशाच एका गाडीवरनं. त्या गाडीच्या फाउंडेशनचं रबर बसलेलं होतं — इंजिन ज्याच्यावर टेकतं ते रबर — म्हणजे इंजिन जागेपासून खाली आलेलं. आम्ही माप घेतलं त्या खाली बसलेल्या इंजिनाचं. चांगल्या गाडीचा टर्बो वर असतो, आणि जिगमधला पाइप खाली बघत निघतो. मला हे दुसऱ्याच गाडीला कळलं. तेव्हापासून मी मागचा पाइप जिगमधून काढला की गाडीवर लावायचे, तोंड वर उचलून टॅक — वेल्डिंगचा नुसता ठिपका — मारायचे, मगच पक्का करायचे. प्रत्येक पाइप. कोणाची तक्रार नाही आली.

जिग नीट का नाही केली? जिग अण्णांची होती ना. अण्णांच्या जिगला पाना लावायचा म्हणजे अण्णा चुकले म्हणायचं, आणि ते आमच्या घरात कोणी म्हणत नव्हतं. ते कामाला होते ती कंपनी बंद पडल्यावर त्यांनी हे शेड टाकलं, सायलेन्सर जोडायचे, ब्रॅकेट करायचे, मी बारावी होऊन घरात होते, म्हणाले, बस शेजारी. माझं मनगट धरून शिकवलं त्यांनी — तेवढं मात्र शिकवलं, आणि लपवून काही ठेवलं नाही. नंतर त्यांची नजर अधू झाली तेव्हा सगळं माझ्याकडं आलं. पण गिऱ्हाईक दारात आलं की अण्णा उठायचे, माझ्या हातातली वेल्डिंगची टॉर्च काढून घ्यायचे आणि मास्क घालून उभे राहायचे. चालू नाही करायचे, नुसते उभे. गिऱ्हाईक म्हणायचं, वा साहेबराव, हात म्हणजे हात तुमचा. ते गेलं की टॉर्च परत माझ्याकडं. एकदा मी विचारलं, अण्णा असं का करता? म्हणाले, "बाईमाणूस जोडतंय कळलं तर परत येतील का लोक? तुझ्याच पोटासाठी करतोय." मला तेव्हा पटलं पण. पटलं म्हणजे — पुढच्या वेळी टॉर्च मीच हातात दिली त्यांच्या.

पक्कड द्या ती. लाल मुठीची.

मग विक्कीचं लग्न झालं. रश्मीच्या माहेरच्यांनी चाकणला गाळा बघून दिला, पुढं काच, आत लाइट, विक्की खूश. घरी सगळे पाहुणे बसलेले असताना अण्णांनी सांगितलं, धंदा आता विक्कीचा. वेल्डिंगचा नवा सेट त्याला, जिग त्याला; हा जुना सेट तेवढा इथं राहिला. "भाग्यश्री काय, आज ना उद्या तिच्या घरी जाईल." मी लोकांना पाणी देत होते. कोणी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही — नाही, रश्मीनं बघितलं, तिला कसंतरी झालं असावं, पण नवी नवरी काय बोलणार. आणि माझं घर कुठलं हो? एक स्थळ आलं होतं, त्यांनी हातावरचे चटके बघितले आणि विचारलं, हे काम सोडेल ना? मी नाही म्हणाले. तेवढंच एकदा नाही म्हणालेय आयुष्यात.

जिग टेम्पोत चढवली त्या दिवशी मी त्याला सांगितलं — विक्की, मागचा खुंटा बोटभर वर घे, पाइप खाली बघतोय. दोरी बांधत होता. म्हणाला, "अण्णा तर काही बोलले नाहीत मला." मी म्हटलं, अण्णांना माहीत नाही, मी करत होते. तर हसला. रागानं नाही हसला, लहान पोराला हसतात तसा. आणि गेला. आता त्याचे पाइप बसत नाहीत, तर गाड्या इकडं पाठवतो — जुन्या माणसाचा हात लागला की बसतो, असं सांगतो गिऱ्हाइकांना. तुमच्याआधी पण आलेत लोक. मी बसवून देते. का देते? गाडीचा काय गुन्हा आहे. आणि त्याचं नाव खराब झालं तर — जाऊ द्या. डोळे फिरवा तिकडं, पाइपचं तोंड कापून वर उचललंय, टॅक मारून पक्कं करतेय. बॅटरीची वायर काढलीये, काळजी करू नका.

झालं. थोडा गार होऊ द्या. आता होस नवीन, क्लॅम्प नुसता टेकवायचा, जीव खाऊन आवळायचा नाही — सोडा परत धूर. बघा, कुठं आहे का? नाही. हात लावून बघा की. पुढून नाही, मागून नाही. आता पूल चढा आणि शिट्टी ऐका.

फोन वाजतोय तुमचा. विक्कीचा आहे? उचला की. — सांगा, बसला पाइप. — काय म्हणतो, अण्णांनी काय सांगितलं? द्या इकडं. द्या हो, खाणार नाही मी तुमचा फोन.

विक्की, ताई बोलतेय. जिगचा मागचा खुंटा बोटभर वर घे. — हां, तोच. गाड्या खराब होतायत लोकांच्या. — नाही, मीच सांगतेय. — अरे त्यांना कशाला? — बरं. बरं, देते.

दादा, थांबा दोन मिनिटं. अण्णांना दे म्हणतो.

...

घ्या फोन. हो, झालं बोलणं. आवाज आला ना तुम्हाला बाहेर? खूश झाले, लेकाचा आवाज ऐकला की होतात. नाही, ‘खुंटा’ नाही म्हणाले, तुम्ही नीट ऐकलंत — ‘विक्की’ म्हणाले. दोनदा. विक्की चाकणला गेल्यावर त्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून तेवढा एकच शब्द येतो त्यांना. भूक लागली तरी विक्की, अंग पुसताना पाणी गार लागलं तरी विक्की. मला पण त्याच नावानं हाक मारतात, मी जाते. विक्कीला वाटतं वाचा आलीये थोडी, रोज बोलतात, धंद्याचं सांगतात. मीच तसं सांगते त्याला. नाहीतर कशाला गाड्या पाठवेल इथं, आणि मग अण्णांच्या औषधाचं — ते जाऊ दे. मी विचारलं, अण्णा, खुंटा वर घ्यायचा ना? ते म्हणाले, विक्की. तर तो काय म्हणाला माहितीये फोनवर? "बरं अण्णा, तुम्ही म्हणताय तर आजच घेतो."

घेईल. आता घेईल तो.

पुसा ते हात, तिथं चिंधी आहे. आणि गाडी काढा दादा, मागं टेम्पो येऊन थांबलाय.