करोना गेला, दोरी राहिली

नाही, तुम्हीच सांगा, लिफ्ट आहे, जिना आहे, देवाने दोन धडधाकट पाय दिलेत, आणि तरीही माणूस पाव किलो भेंडीसाठी चौथ्या मजल्यावरून दोरी सोडतो, याला काय म्हणायचं? आळस? छे हो, आळस असता तर मी चकार शब्द काढला नसता, आळसाबद्दल मला आदर आहे, उभी नोकरी सरकारी कचेरीत झाली माझी... ही सवय आहे, सवय. करोना गेला, दोरी राहिली.

तुम्हाला सांगतो, सुरुवात आमच्याच घरातून झाली. आमच्या म्हणजे हिच्या. विनया, माझी मिसेस. तेव्हा सगळं बंद, सोसायटीचं गेट बंद, लिफ्टच्या बटणाला हात लावायचा तर टूथपिक घेऊन जायचं, आठवतंय ना? भाजीवाला खाली कंपाउंडबाहेर उभा, आम्ही वर. तर हिने काय केलं, कपडे वाळत घालायची दोरी काढली, साडीच्या दुकानाची ती जाड पिशवी असते बघा, तिला बांधली आणि दिली गॅलरीतून सोडून. झालं. एव्हरशाईन सिटीत आमची बिल्डिंग म्हणजे तशी सुशिक्षित, पण एकीने केलं की सगळ्यांना करायचं असतं, आठवड्याभरात प्रत्येक गॅलरीतून दोरी. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बिल्डिंग मासे पकडायला बसलीय.

बरं, त्या वेळी ठीक होतं. त्या वेळी काय काय नाही केलं आपण? केळी साबणाने धुतली. दुधाच्या पिशवीची आंघोळ माझ्याआधी व्हायची, तीसुद्धा गरम पाण्याने, आणि मला म्हणे, 'गिझर बंद करा, बिल येतं.' शिंक आली तर माणूस ती गिळायचा. वाण्याच्या दुकानासमोर चुन्याचे गोल काढले होते, त्यात पाय जुळवून उभं राहायचं. पण ते गोल पुसले की नाही? केळी धुवायची थांबलो की नाही? मग दोरीच का नाही सुटत? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभ जळतसुद्धा नाही, दर दिवाळीला नवीन येतो!

आणि आता तर काय, थाट वाढलेत. दुसऱ्या मजल्यावर जेनिफर टीचर आहेत, मुलांना गणित शिकवतात, त्यांनी पिशवीला घंटी बांधलीय. पिशवी खाली गेली की किणकिण, वर आली की किणकिण, मी अर्ध्या झोपेत हात जोडतो. आमच्या डोक्यावर पाचव्या मजल्यावर परेश. त्याची पिशवी खाली जाताना आमच्या गॅलरीला धडकूनच जाते, नियम आहे तो. मी पेपर वाचत असतो, धप्प. वरून आवाज, 'सॉरी काका.' पाच मिनिटांनी परत येताना धप्प. 'सॉरी काका.' अरे, दिवसाला एकदाच सॉरी म्हण आणि सगळ्याला लागू कर. आणि पाचूबंदरची मॅग्डलीन, आमची मासेवाली, पूर्वी बिचारी मजल्यामजल्यावर यायची, दारात टोपली उतरवायची, पाणी मागायची, घरचं चार शब्द बोलायची. आता खालूनच, 'ओ भाऊ, दोरी सोडा, बोंबील हायेत!' अख्ख्या वसईला कळतं की आज आमच्याकडे बोंबील.

तुम्ही म्हणाल, चंद्रहासराव, तुमचं काय जातं? माझा मुलगा जात होता हो त्यात! म्हणजे मुलाचं लग्न. सिद्धेश, एकुलता एक. ठाण्याचं एक स्थळ आलं होतं, सगळं जुळत आलेलं, त्या बाई सोफ्यावर बसून पोहे खातायत, नजर गॅलरीकडे, आणि खालून वर... परेशची पिशवी. पिशवीतून भलं मोठं पापलेट तोंड काढून आत बघतंय. धप्प. 'सॉरी काका.' त्या बाईंनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाल्या, 'लिफ्ट आहे ना तुमच्याकडे?' संपलं. मोडलं. मी हिला म्हटलं, 'बघ, तुझी दोरी.' ही म्हणते, 'पापलेट बघून जिला मळमळतं ती सासू आपल्याला नकोच होती.'

पण या वेळी गोष्ट वेगळी होती. या वेळी सिद्धेशने स्वतः पसंत केलेली मुलगी, ऋतिका. त्याच्याच ऑफिसातली, आचोळ्याला राहणारी, गोड पोरगी. पोरगा इतका आनंदात की स्वतःचं ताट स्वतः उचलायला लागला, मी घाबरलोच. मुलीचे आईवडील राजी. अडलं कुठे, तर आजीपाशी. त्यांना सगळे आक्का म्हणतात. ऋतिकाला लहानपणापासून त्यांनीच सांभाळलं, त्यामुळे आक्कांनी घर बघितल्याशिवाय आणि हो म्हटल्याशिवाय काही नाही. सिद्धेश मला म्हणाला, 'बाबा, एवढं सांभाळा.' एवढंच म्हणाला.

मग मी काय केलं, रविवारी पाहुणे येणार म्हणून शनिवारी दारोदार फिरलो. हात जोडून. 'उद्या सकाळपुरत्या दोऱ्या आत घ्या, माझ्या मुलाचा प्रश्न आहे.' माणसं चांगली हो, कुणी नाही म्हटलं नाही. जेनिफर टीचरने घंटी काढून कपाटात ठेवली. परेश म्हणाला, 'काका, तुमच्यासाठी उद्या मी भाजीच खाणार नाही.' मॅग्डलीनला बजावलं, 'उद्या पाहुणे येणार आहेत, तू येऊ नकोस.' आणि आमची दोरी? ती मी... तेव्हा रद्दीवाला आला होता, पेपरांचा गठ्ठा सुटत होता, मी म्हटलं, एका दगडात दोन पक्षी. बांधला गठ्ठा हिच्या दोरीने आणि दिला. हिला सांगितलं नाही. मला वाटलं, सुटलो एकदाचा.

रविवार उजाडला. बिल्डिंग कशी स्वच्छ, मोकळी, परदेशातली वाटावी अशी. पाहुण्यांची रिक्षा गेटात शिरली आणि नेमकी लाईट गेली. लिफ्ट बंद. जनरेटर आहे, पण त्यात डिझेल नाही, ते का नाही याच्यावर सोसायटीत वेगळी मीटिंग आहे.

आक्का रिक्षातून उतरल्या. गुडघे गेलेले, काठी, नऊवारी, आणि काखेत एक कापडी पिशवी. लिफ्ट बंद म्हटल्यावर वॉचमनच्या खुर्चीवर बसल्या कंपाउंडमध्ये, बदामाच्या सावलीत. मी म्हटलं, 'आक्का, आम्ही चौघं मिळून खुर्चीसकट उचलून नेतो.' तर म्हणतात कशा, 'चौघांनी उचलायची वेळ येईल तेव्हा उचला, आज मी बसलेली बरी आहे.' मग आईवडील आणि ऋतिका तेवढे वर निघाले. जिन्यात तिचे वडील माझ्या कानात म्हणतात, 'पिशवीत नारळ आहे. आक्कांची पद्धत आहे, मनात भरलं तर नारळ देतात, नाही भरलं तर परत नेतात.' मी म्हटलं, 'परत नेऊन?' म्हणाले, 'सोलकढी. ऋतिकाच्या थोरल्या बहिणीच्या वेळेला दोनदा सोलकढी झाली.'

आता सांगा, माणसाने काय करावं? घर वर, आक्का खाली, नारळ त्यांच्या मांडीवर. मी चहाचा कप घेऊन चार मजले खाली उतरलो. अर्धा चहा बशीत, पाव माझ्या मनगटावर, उरलेला गार. आक्कांनी एक घोट घेतला आणि विचारलं, 'चहा आहे की तीर्थ?' मी परत वर, धापा टाकत. पोहे घेऊन परत खाली. पोहे पोचेपर्यंत त्यांचा चिवडा झालेला. माझ्या छातीचा भाता, तोंडातून शब्द फुटेना, आणि आक्का इकडेतिकडे बघतायत. एक माणूस नाही कंपाउंडमध्ये, एक तोंड नाही गॅलरीत, कारण मीच सगळ्यांना सांगितलेलं, आत राहा! त्या म्हणाल्या, 'राहतं का इथं कोणी?' मी म्हटलं, 'हो, सगळे फ्लॅट भरलेले आहेत.' 'मग आमच्यासारखंच,' म्हणाल्या. 'आमच्याकडेही भरलेले आहेत. त्या आजारापासून जी दारं बंद झाली ती झाली. गुडघ्यामुळे मला एकटीला उतरता येत नाही, चढून वर कोणी येत नाही. खिडकीतल्या कावळ्याशी बोलते मी. ऋतिका तेवढी बोलते माझ्याशी, तिला अशा मुक्या घरात द्यायची?' आणि नारळ पिशवीत नीट बसवला, पिशवीची गाठ मारली.

मी पळत वर. पळत म्हणजे कठड्याला धरून. हिला म्हटलं, 'गेलं, सोलकढी झाली.' सिद्धेश पांढरा पडला, ऋतिका रडायच्या बेतात. ही मात्र गॅलरीकडे धावली, 'आक्का, थांबा, गरमागरम चहा पाठवते,' आणि खिळ्याकडे हात नेला. खिळा रिकामा. 'अहो, दोरी कुठाय?' मी म्हटलं, 'रद्दीत.' ती माझ्याकडे ज्या नजरेने बघायला लागली... पाहुणे होते म्हणून वाचलो मी.

आणि तेवढ्यात खालून, आक्कांच्या अगदी कानाशी, ओळखीचा आवाज. 'ओ भाऊ, दोरी सोडा!'

मॅग्डलीन! मी वरून ओरडलो, 'अगं, तुला येऊ नको म्हटलं होतं ना?' 'पाहुने येनार म्हनून तर लवकर आले,' ती म्हणाली, 'पाहुन्यांना काय पानी पाजून पाठवनार?' आणि बसली की आक्कांच्या शेजारी टोपली टेकून. मग हिने वर मान केली आणि हाक मारली, 'परेश भाऊजी, दोरी सोडा हो!'

तुम्हाला सांगतो, एका हाकेवर. परेशची दोरी खाली. किणकिण, जेनिफर टीचरची खाली. मग तिसऱ्याची, सहाव्याची, वाट बघत बसल्यासारखी सगळी बिल्डिंग गॅलरीत आली. आमच्याकडून थर्मास गेला. टीचरच्या पिशवीतून केक गेला. कुणी गुडघ्याला लावायचं तेल पाठवलं, कुणी पाठीला उशी. परेशची पिशवी जाता जाता आमच्या गॅलरीला धडकली, 'सॉरी काका,' आणि मुलीच्या आईला हसू फुटलं. आक्का मान वर करून एकेकाला विचारतायत, तू कोण, तुझा नवरा काय करतो, केकात अंडं आहे का? सगळे वरून उत्तरं देतायत. मॅग्डलीन मध्येच सांगतेय, 'आजी, चौथ्या माळ्यावरची विनयाबाय लॉकडाऊनमध्ये पिशवीतून मला भाकरी सोडायची, आन् हा भाऊ तेवढा वरून ओरडायचा.' माझी अब्रू चालली होती, पण खरं सांगतो, मला छान वाटत होतं.

आक्कांनी चहा संपवला. तोंड पुसलं. कापडी पिशवीची गाठ सोडली, नारळ काढला, परेशच्या पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, 'ओढा.'

कोण ओढणार? हिने परेशची दोरी आमच्या गॅलरीत ओढून घेतली आणि माझ्या हातात दिली. 'तुमचा मुलगा आहे, तुम्ही ओढा.' मी ओढायला लागलो. आयुष्यात पहिल्यांदा. जुनी दोरी, मध्ये दोन ठिकाणी गाठी, हाताला काचतेय, खाली फरशी, नारळ पडला तर लग्नाचं खोबरं. पहिल्या मजल्यावरून सूचना, 'सावकाश, काका.' दुसऱ्या मजल्यावर टीचरने पिशवी थांबवली आणि त्यात आणखी एक केक घातला! मी म्हटलं, 'टीचर, वजन!' तिसऱ्यावाल्यांनी लाडू घातले. गाठ कठड्यावर आली, अडकली, माझा श्वास अडकला, सिद्धेशने मागून दोरी धरली, ऋतिकाने सिद्धेशला धरलं, आणि आला हो, नारळ आला! शेंडीसकट. खाली मॅग्डलीनने टाळी वाजवली, वर सगळ्या गॅलऱ्यांनी वाजवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, दोरी काचली होती म्हणून नव्हे.

मी वाकून विचारलं, 'आक्का, घर न बघताच?' त्या म्हणाल्या, 'भिंती काय बघायच्या? पण एक अट आहे. अशी दोरी मला आचोळ्याला बांधून द्यायची. तुम्ही स्वतः.'

लग्न झालं, दणक्यात झालं. आचोळ्याला मी स्वतः जाऊन दोरी बांधली, आता तिथली अख्खी बिल्डिंग माझ्या नावाने दोऱ्या मागते, सगळ्यांना गाठी मारून द्यायला दर रविवारी मी. आणि आक्कांनी मला आहेर काय दिला, सांगू? सूट नाही, घड्याळ नाही. कप्पी. पितळेची, विहिरीवर असते तशी. म्हणाल्या, 'व्याह्यांचे हात काचतात.' आता ती आमच्या गॅलरीत लागलीय आणि तिच्याशेजारी माझी खुर्ची. सून ऑफिसला जाताना सांगून जाते, 'बाबा, दहीवाला येईल हं.' परेशसुद्धा आता त्याची पिशवी माझ्याच कप्पीवर आणून सोडतो, वर म्हणतो, 'सॉरी काका.'

करोना गेला, दोरी राहिली, आणि दोरीच्या टोकाला राहिलो मी. परवा म्हटलं, जरा पाय मोकळे करावेत, म्हणून जिन्याने खाली उतरलो. कंपाउंडमध्ये चार माणसं काळजीने धावत आली.

'काय झालं काका? दोरी तुटली का?'