बटणातला लाल दिवा

— नाही नाही, उठू नका सोमनाथराव, बसा. आधी हे बघा. आमच्या वायरलेस बेलचं आतलं खोकं. ही स्प्रिंग दिसते? तिच्यावर पांढरट-हिरवट थर चढलाय — सेल पाझरलेत. करंट जाणार कुठून? लिंबाचा थेंब, कापसाची काडी, मग कोरडं खडखडीत पुसायचं, झालं. अधूनमधून झाकण उघडून बघायचं असतं एवढंच. मी बघितलं नाही. जन्मभर कॉलेजात विजेचाच विषय शिकवला — हसा, हसा तुम्ही.

सकाळी गेटपाशी तुम्ही म्हणालात, सर, आम्ही दोनदा आलो होतो — तेव्हा कुठं हे उघडलं. बाहेरच्या बटणात सेल वेगळा, तो ठणठणीत. दाबलं की लाल दिवा लागतो, माणसाला वाटतं, आत वाजली. तुम्ही दोघं श्रेयाच्या लग्नाच्या अक्षता घेऊन उभे, आत टीव्ही चाललेला ऐकू येतोय, आणि दार काही उघडत नाही! आता ठोठावायला काय झालं होतं म्हणावं तर — हो, ती पाटी. ‘दार वाजवू नये, बेल दाबावी.’ माझीच. कालिंदीची झोप मोडते म्हणून. तुम्ही पाटी पाळलीत, दुसरं काय केलंत?

आणि इकडं मी वाट बघतोय. भिंतीपलीकडं हळदीची गाणी, आणि मी खिडक्या लावून बसलेला. याच टेबलावर शिकली ना पोर, बारावीचं सगळं फिजिक्स — आणि तिच्या लग्नाचं आम्हाला बोलावणं नाही? राग येणारच. येतो माणसाला. कालिंदी म्हणत होती, अहो, आपण होऊन जाऊ, आपलीच पोर आहे. मी म्हटलं, काही नको. वावर विकून पैसा आला की या लोकांना मास्तर कशाला लागतोय —

म्हणजे — या लोकांना म्हणजे तुम्हाला नाही हो. आपलं सगळ्यांना मिळून. रागात. तुमचं वावर तर रस्त्यात गेलं, विकलं कुठं, मला काय माहीत नाही? आणि कालिंदीलाच म्हटलं फक्त. आणि फोनवर आमच्या मंदारला. आणि बागेत त्या दोघातिघांना — पण ते कुठं कुणाला सांगतात?

श्रेया परवा माहेरी येतेय ना? मी तिला सांगतो, सेल पाझरले होते. खरंच आहे ते. बाकीचं तिला — तुम्ही नाही ना सांगणार? लई मानते हो ती मला.

उठलात?

बरं. जा तुम्ही. दार तेवढं ओढून घ्या.