साहेबाचे गोड गहू

१९३० साली दिघीच्या धक्क्यावर शिवदास आगरदांड्याच्या होडीची वाट बघत होता. शेजारी सुक्या बोंबलांची पाटी घेऊन वेणूबाई कोळीण आणि बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा म्हातारा ग्रीक साहेब बसले होते. साहेबानं डबा पुढे केला. शिवदासनं मान हलवून नको म्हटलं. वेणूबाईनं मूठभर घेतले.

"उकडलेलं गहू, नि वर साखर? कुठल्या देवाचा परसाद, सायेब?"

"देवाचा न्हाय. मेलेल्यांचा. आमच्या घरातल्या तीन भावांचा."

"अगं बाई! तिघंबी गेले?"

"तुर्कांच्या सुलतानानं आमचं शहर घेतलं. आम्ही राजाचे सरदार. थोरला वेशीवर पडला. मधला मुसलमान होऊन सुलतानाचा वजीर झाला. धाकटा गलबतातून पळाला, परमुलखात लोकांची जहाजं धूत मेला."

"कवा झालं हे?"

"पावणेपाचशे वर्षं झाली."

शिवदासला हसू फुटलं. वेणूबाई हसली नाही.

"बाटलेल्याचंबी नाव घेतोस?"

"घेतो. भाऊच तो."

"नि तू कुणाचा?"

"धाकट्याच्या वंशातला. शेवटचा."

"दरसाल एकटाच खातोस हे?"

"एकट्यानं खायचे नसतात. म्हणून तर धक्क्यावर आणतो."

"तुझं नाव काय रं, सायेब?"

"थिओफिलाक्तोस अर्मिरोस."

"एवढं लांब मी कावळ्याला कसं सांगू? तू गेल्यावर सर्वपित्रीला तुझं पान ठेवीन, नि 'दिघीचा सायेब' म्हणून हाक मारीन. येशील न्हवं?"