हळद लावलेला अर्ज

(बपेरा, १९८२. शकुनबाई मोहफुलांच्या टोपलीवर लुगडं टाकून बसल्या आहेत. धाकटा दीर तेजराम, ग्रामपंचायतीचा सदस्य, पत्र घेऊन दारात.)

तेजराम : झाकता कायले वयनी? मी हावो.

शकुनबाई : मले वाटलं जंगलाचा गार्ड आला. तूच तं वाचलं होतं, जंगलातून फूल उचललं तरी बिनावारंट धरून नेतीन म्हणून.

तेजराम : ते नव्या जंगल कायद्याच्या मसुद्यात होतं. कायदा झाला नव्हता.

शकुनबाई : मसुदा का अन् कायदा का! मोह वेचतानी घडीघडी मांगं पायतो मी.

तेजराम : फरक हाये ना. पोरगी पाहून गेले म्हणजे लगन झालं काय? सरकार आधी मसुदा लिवते. मंग लोकसभेत मांडते, वाद होते, मतं पडते. तोवर आपल्यालेही बोलता येते. म्हणून तं दोनशे अंगठ्यांचा अर्ज खासदाराले धाडला आपण.

शकुनबाई : अन् म्या चार कोपऱ्यांले हळद लावली तं केवढा कावला होता तू!

तेजराम : कावीन नाही तं काय! खासदाराच्या कारकुनानं लग्नपत्रिकाईत टाकला ना तो.

शकुनबाई : चांगल्या कामाचा कागद. कोरा कसा धाडू?

तेजराम : अन् खासदार आहेराले पाणी भराचा स्टीलचा गुंड घेऊन हजर! इचारते, "नवरदेव कुठी हाये?"

शकुनबाई : लगन नाही चुकवत बापा तो माणूस. नुसत्या अर्जासाठी आला असता काय?

तेजराम : कायचा येते! पण तुमी त्यायच्या म्होरं मोह ओतला अन् इचारलं, "साहेब, हे वेचणं चोरी हाये काय, तेवढं सांगा."

शकुनबाई : चहा पेला अन् गेला निंघून.

तेजराम : दिल्लीले जाऊन बोलले. बाकी गावाईचेही अर्ज गेले, मोर्चे निघाले. हे त्यायचं पत्र. मसुदा लोकसभेत मांडत नाही म्हणते सरकार.

शकुनबाई : पुन्हा वाच.

तेजराम : "सदर मसुदा मांडला जाणार नाही."

शकुनबाई : बाप्पा रे! छातीवरचा धोंडा उतरला माह्या.

तेजराम : जुना कायदा हाये अजून. गार्ड कटकट करनच.

शकुनबाई : करू दे. त्याच्यासंगं भांडता येते. तू जाता जाता माह्या पोरीले, कुंताले सांगजो, उद्या पहाटी मायसंगं मोह वेचाले चल म्हणा.

तेजराम : तुमीच तं दोन साल तिले येऊ देत नव्हत्या!

शकुनबाई : धरलं तं मले एकटीलेच धरावं, म्हणून.