मास्तरांनी सोडलेली चार ठेक्यांची जागा

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार.

नेकनूरहून आलात, पाटोद्याहून आलात, बीडहून दोन गाड्या बदलून आलात. मंडपात जागा कमी पडली म्हणून लिंबाखाली उभे आहात. पाणी सगळ्यांना मिळालं का? नसेल मिळालं तर मागे रांजण भरलेला आहे. टँकर काल येऊन गेला.

मी बोलेन असं कुणाला वाटलं नव्हतं. मलाही नाही. माझं नाव कौसल्या. लिंबाजी मास्तरांची बायको. तेरावा होऊन चार दिवस झालेत, आणि बाई माणसानं चार माणसांपुढे उभं राहावं हे काहींना आवडलेलं नाही, ते मला इथून दिसतंय. त्यांनी थोडा वेळ मला सोसावं. मी लिहून आणलंय. नुसती बोलले तर मधेच थांबेन, आणि आज मला थांबायचं नाही.

आत्ता कारखान्याच्या संचालक साहेबांनी शोकप्रस्ताव वाचला. ऐकलात तुम्ही. त्यात म्हटलंय, ‘कारखान्याशी अखेरपर्यंत निष्ठा राखणारे कलावंत कै. लिंबाजी मास्तर.’ मला लिहिलेलं वाचता येतं. शाळेत गेले नाही, पण उसाच्या फडावर मीठ-मिरची बांधून येणाऱ्या कागदांवरून अक्षरं जुळवत शिकले. तेव्हापासून समोर आलेला कागद मी दोनदा वाचते. हाही दोनदा वाचला. त्याच्याविषयी शेवटी बोलते.

आधी बँडविषयी.

आमचं पथक लग्नाचं होतं, हे तुम्हाला माहीत आहे. लाल डगले, पिवळी झालर. हे ट्रंपेट वाजवायचे. अक्षय्यतृतीयेपासून वराती, आणि दसरा झाला की सगळं पथक कोयते घेऊन ऊसतोडीला. डगले पेटीत, ट्रंपेट माझ्या लुगड्यात गुंडाळून. वाजवणारे हात सहा महिने ऊस तोडायचे.

ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. आमच्यातल्या माणसांना हे सांगायला नको, पण बीडहून आलेल्या पोरापोरींना सांगते. तो तोडतो, ती ओढते आणि मोळी बांधते. घाव पडला की ओढायचं. घावावर हात नेला तर बोटं जातात. म्हणून हात न्यायचा तो दोन घावांच्या मधल्या जागेत. लग्नानंतरच्या पहिल्या फडात हे मला म्हणाले, “माझ्याकडं बघू नगंस. घाव ऐक. घाव झाला की तुजी पाळी.” मी बावीस हंगाम घाव ऐकत काढले. माझी दहाही बोटं शाबूत आहेत.

मग इरफान आला. हा समोर बसलाय, बीडला मिक्सर-पंखे दुरुस्त करतो. एका वरातीत आमचा लाऊडस्पीकर बंद पडला, तो नीट करायला आला आणि गेलाच नाही. त्याच्याकडे गिटार होती. त्यानं यांचं वाजवणं ऐकलं आणि म्हणाला, “काका, तुम्ही ठेका उलटा घेता. समदे जिथं वाजवतात तिथं तुम्ही गप, आन् समदे गप झाले की तुम्ही.”

हे म्हणाले, “चुकतंय का?”

“चुकत न्हाई काका. ह्याला स्का म्हणतात. जमैका नावाचं बेट हाय, तिथं वाजवत्यात.”

मी नेकनूरच्या वाचनालयातून पुस्तक आणून पाहिलं. जमैकात ऊस होता. लांबून माणसं नेऊन त्यांच्याकडून तो तोडून घ्यायचे. मी यांना वाचून दाखवलं. यांनी बेटाचं नाव मला परत वाचायला लावलं. मग म्हणाले, “म्हंजी तिथं बी कुणाची तरी बायकू ऊस ओढत आसंल.”

इरफाननं पंक नावाचं परदेशी गाणंबजावणं पण ऐकवलं. हे कानावर हात ठेवून बसले. म्हणाले, “हेंला वाजवता येत न्हाई बे.” इरफान म्हणाला, “नसलं येत तरी चालतं काका. सांगायला कायतरी पाहिजे आन् राग पाहिजे.” त्यावर हे म्हणाले, “मग आपल्या वस्तीवर समदेच पंक हाईत.”

गायला सुमन आली. सुमन, तू मागे बसलीयस, खांबाआड. मला दिसतीयस. हिला नवऱ्यानं टाकलं तेव्हा मुकादमानं टोळीत घेतलं नाही. म्हणाला, अर्धा कोयता घेऊन मी काय करू. ती आमच्या दारात येऊन रडली नाही, शिव्या देत बसली. यांनी त्या शिव्या ऐकल्या आणि म्हणाले, हिचा आवाज पार पाटोद्याला जाईल. पथकाचं नाव पडलं ‘अर्धा कोयता’. तिनंच ठेवलं.

आता ते गाणं. सगळ्यांना पाठ आहे, पण ते आलं कुठून हे थोड्यांना माहीत आहे.

पहिल्या दुष्काळात कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत पाहुण्यांच्या स्वागताला यांना बोलावलं होतं. माझे सासरे त्या कारखान्याचे पहिल्यापासूनचे सभासद. हे घरी आले ते सभेचं पुस्तक घेऊन. म्हणाले, “वाच.” मी वाचायला लागले. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. यांनी ट्रंपेटवर दोन सूर काढले. मी म्हटलं, हे काय? म्हणाले, “मंजूर. फुडं बसल्याली वळ असंच वरडती. वाच फुडं.” मी विषय वाचत गेले, हे दोन सूर काढत गेले. मला हसू यायला लागलं. शेवटचा विषय आला. कारखान्यास सलग ऊस न घातलेल्या सभासदांचे सभासदत्व कमी करणे. विहिरीत दगड दिसत होते. ऊस कुठून घालणार? मी वाचलं आणि यांनी वाजवलंच नाही. ट्रंपेट तोंडाला तसंच.

मी म्हटलं, “वाजवा की.”

म्हणाले, “हितं मी न्हाई. हितं लोकांनी बोलायचं.”

ती चार ठेक्यांची मोकळी जागा तिथली आहे. सुमन विषय वाचायची. साहेबांचा सत्कार, मंजूर. साहेबांच्या गाडीला पडदे, मंजूर. तुमच्या आडात दगड, मंजूर. तुमचं नाव यादीतून खोडा. आणि सगळी वाद्यं एकदम बंद. चार ठेके काहीच नाही. त्या जागेत लोकांनी म्हणायचं, नामंजूर.

पहिल्यांदा एका वरातीत वाजवलं तेव्हा कुणी बोललं नाही. नवरीच्या मामानं विचारलं, “मास्तर, बाजा बिघडला का काय?” दुसऱ्यांदा दोन पोरं बोलली. मग पाटोद्याच्या आठवडी बाजारात वाजवलं. कोथिंबिरीच्या जुड्या लावणाऱ्या बाया बोलल्या, शेळ्या विकणारे बोलले, अख्खा बाजार त्या चार ठेक्यांत बोलला. मी तिथं होते. माझ्या पायाखालची माती हलली असं मला वाटलं. मग बीडला कचेरीपुढे, मोर्चांत, कॉलेजात. लग्न जमलं की नवरदेव म्हणायचे, मंजूर वाजवणार असाल तरच या. दोन उन्हाळे आम्ही घरी राहिलोच नाही. यांच्या डगल्याची झालर मी तीनदा बदलली.

आणि मग दुसरा दुष्काळ आला.

आता जे सांगते ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यांनी सांगू दिलं नाही.

त्या वर्षी लग्नं थांबली. वस्तीवर जनावरांना चारा नव्हता. कारखान्यानं चाऱ्याची छावणी घातली होती, पण आपल्या वस्तीचं नाव तिच्यात नव्हतं. का नव्हतं ते उघड आहे, गाणं आपल्या वस्तीतलं. जनावरं बसली की उठत नव्हती. चार माणसं लावून शेपटीला धरून उठवत होतो. आठवतंय ना?

तेव्हा चेअरमनसाहेब बिनविरोध निवडून आले. त्यांचा एक माणूस आमच्या घरी आला. आज तो इथं नाही. म्हणाला, “मिरवणुकीत मास्तरांनी ट्रंपेट घेऊन पुढं चालायचं. मग वस्तीची जनावरं छावणीत आली समजा.” हे उठून बाहेर गेले. त्या माणसाला पाणी मी दिलं. आणि तो गेल्यावर यांच्याशी मीच बोलले. “जा,” म्हटलं. “वाजवून या. गाणं उद्या म्हणता येईल, गाय उद्या उठणार नाही.”

हे म्हणाले, “कौसे, तू हे म्हणतीयस?”

मी म्हटलं, “हो. मीच म्हणतेय.”

मास्तर विकले गेले, असं तुम्ही दोन वर्षं म्हणत आलात. मास्तर मिरवणुकीत गेले ते माझ्या सांगण्यावरून. आणि बदल्यात स्वतःसाठी काही घेतलं नाही. तुमच्या दावणीला आज जी जनावरं आहेत, ती त्यांनी आणली. मी यांना म्हणाले होते, सांगून टाकू. तर म्हणाले, “नगं. त्येंच्या जनावराच्या तोंडातला चारा कडू करू नगंस.”

अजून एक आहे. तेही सांगते.

त्या दिवशी मिरवणूक कारखान्याच्या फाटकापाशी आली. दोन्ही बाजूंना माणसं. आपल्या वस्तीची सगळी होती, कारण सकाळीच जनावरं छावणीत बांधली गेली होती आणि यावं लागलं होतं. इरफान रस्त्यापलीकडे हाताची घडी घालून उभा. सुमन त्याच्या बाजूला. साहेब उघड्या जीपमध्ये. आणि यांनी तेच गाणं वाजवलं. शब्द नाहीत, नुसतं ट्रंपेट. विषय पहिला, मंजूर. विषय दुसरा, मंजूर. साहेब बोटांनी जीपच्या दांड्यावर ताल धरत होते. शेवटचा विषय आला आणि यांनी ट्रंपेट तोंडापासून खाली घेतलं. जागा सोडली. फाटकापुढे, साहेबांपुढे, चार ठेके.

कुणी बोललं नाही.

यांनी परत पहिल्यापासून घेतलं. परत जागा सोडली. तिसऱ्यांदा घेतलं.

वस्तीच्या माणसांनी खाली बघितलं. त्यांच्या मनात गोठा होता. इरफान, सुमन, तुम्हाला वाटलं मास्तरांनी आपलं गाणं साहेबांच्या पायावर घातलं. साहेब म्हणाले, “वा मास्तर, झकास.” आणि शाल घातली. तो फोटो पेपरात आला. त्याच फोटोवरून आजचा ठराव लिहिलाय.

मी कुणाला दोष देत नाही. कसा देऊ? मी तिथंच होते. बायांच्या घोळक्यात पहिल्या रांगेत. यांनी तिसऱ्यांदा जागा सोडली तेव्हा माझ्याकडे बघितलं. बावीस हंगाम घाव झाला की माझा हात गेला होता. न बघता गेला होता. त्या दिवशी गेला नाही. मला आमची गाय दिसत होती. मी पदर तोंडावर घेतला.

घरी आल्यावर यांनी शाल खुंटीला लावली आणि एवढंच म्हणाले, “कुणीच बोललं न्हाई गं.” कुणीच, असं म्हणाले. तू बोलली नाहीस, असं म्हणाले नाहीत. तसं म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सुमन दारात आली. “मास्तर, तुमी आमाला इकलं,” म्हणाली आणि गेली. इरफाननं गिटार दुकानाच्या माळ्यावर टाकली. दोन वर्षं यांनी रोज सकाळी ट्रंपेट पुसलं आणि वाजवलं नाही. गेले त्या सकाळीही पुसतच होते. छातीला हात लावला, ट्रंपेट आधी नीट खाली ठेवलं, मग स्वतः आडवे झाले.

ते इथं फोटोपुढे ठेवलंय. सुमन, इरफान, जाताना घेऊन जा. वाजवा असं मी म्हणत नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या घरात ते गप पडलेलं मला बघवत नाही. पुढच्या दसऱ्याला मुकादम येईल आणि मलाही अर्धा कोयता म्हणेल. ते मी ऐकून घेईन. सुमन, तू ऐकलंस तसंच.

संचालक साहेब, तुम्ही उन्हातून आलात, तुमचे आभार. तुमचा अपमान करायचा नाही. पण तुम्ही म्हणालात, हा ठराव सभेपुढे ठेवतो. कारखान्याशी अखेरपर्यंत निष्ठा. ठराव सभेपुढे ठेवला की सभेत कुणीतरी बोलायचं असतं. मघाशी तुम्ही वाचून थांबलात तेव्हा पुढच्या वळीतून दोघं मंजूर म्हणाले. मी ऐकलं.

आता आपण सगळे उभे राहू. दोन मिनिटं कुणी बोलू नये. म्हाताऱ्या माणसांनी बसून राहिलं तरी चालेल. पण त्याआधी मला एकच शब्द बोलायचाय, तो तुमच्याशी नाही. दोन वर्षं उशीर झालाय.

अहो, नामंजूर.

उभे राहा.