युद्ध नाही म्हणे

अमेरिकेतल्या नॉरफोक या नौदलाच्या तळाच्या शहरात टेस औषधाच्या दुकानात रांगेत उभी होती. पुढे दोघी बहिणी बोलत होत्या.

"खासदाराला फोन केलास म्हणे, व्हर्ना?"

"केला. म्हटलं, या युद्धावर सभागृहात मतदान घ्या."

"अगं, पोटचा पोरगा वेंडेल तिकडे लढाऊ जहाजावर, आणि तू अध्यक्षांना आडवी जातेस?"

"मी कसली जातेय? युद्ध पुकारायचा अधिकार राज्यघटनेने त्यांना दिलेलाच नाही, संसदेला दिलाय."

"पण ते म्हणतात, हे युद्ध नाहीच. नुसती कारवाई आहे."

"मग निघण्याआधी वेंडेलला मृत्युपत्र कशाला करायला लावलं?"

"...आणि सगळ्यांनी युद्धाच्याच बाजूने मत दिलं तर?"

"देऊ देत. पण नावानिशी देऊ देत. उद्या पोराचं काही बरंवाईट झालं, तर कुणाच्या दारात जाऊन उभी राहू, ते मला कळायला नको?"